लाइट गेली आणि झापोरिझ्झिया आठवलं

आज दुपारी आमच्या बोईसरला तीन तास लाइट नव्हती. इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला तसं आईचं इन्सुलिन फ्रिजमधून काढून थर्मासमध्ये बर्फासोबत ठेवलं, तेवढ्यातही जीव खालीवर झाला. आणि तेव्हापासून डोक्यात झापोरिझ्झिया घोळतंय. युक्रेनमधलं, युरोपातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र, ६ रिअ‍ॅक्टर, मार्च २०२२ पासून रशियन सैन्याच्या ताब्यात. रिअ‍ॅक्टर बंद केले तरी आतलं इंधन गरम होतच राहतं, त्यासाठी पाण्याचे पंप अखंड चालू लागतात आणि त्या पंपांना वीज बाहेरून यावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरची शेवटची लाइनही तुटली आणि जवळजवळ महिनाभर सगळं डिझेल जनरेटरवर. महिनाभर! त्याआधी २०२३ च्या जूनमध्ये काखोव्का धरण फुटलं तेव्हा थंड करायच्या पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागल्या.

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये अणुकेंद्रांवर हल्ला नको असं लिहिलंय, पण त्यातच अपवादही ठेवलेत, मला ते पटत नाही. आपला आणि पाकिस्तानचा एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा १९८८ चा करार मला जास्त जवळचा वाटतो, दर १ जानेवारीला दोघं आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कितीही तणाव असो. तारापूरचं अणुवीज केंद्र आमच्यापासून हाकेवर आहे हो, म्हणून ती बातमी मी दरवर्षी शोधून वाचते.

साडेपाचला लाइट आली. इन्सुलिन परत फ्रिजमध्ये ठेवलं. तिथे झापोरिझ्झियात आत्ता कंट्रोल रूममध्ये कोणीतरी शिफ्टला बसलं असेल, त्याच्या घरचे कुठे असतील?