एमर्सन दगडाच्या काळजाचा होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे, आणि थोडं चिडूनच. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक एमर्सन, त्याचा 'एक्स्पीरियन्स' हा निबंध वर्गात शिकवून झाला की हा प्रश्न येतोच. मुलगा गेल्याचं आपल्याला एखादी सुंदर मिळकत गमावल्यासारखं वाटतं, त्यापलीकडे काही नाही, असं छापून मोकळा होणारा बाप तुम्हाला आवडतो तरी कसा? रोमँटिक लेखक म्हणजे भावनांचा पूर, असं ठरवून बसलेल्यांना तो निबंध झेपत नाही.

मग जानेवारी १८४२ मधलं कॉनकॉर्ड, एमर्सनचं गाव, बघा. दाढीच्या वस्तऱ्याने जॉन थोरोच्या बोटाला जराशी जखम झाली, धनुर्वात झाला आणि ११ तारखेला तो गेला. त्याचा धाकटा भाऊ हेन्री, पुढे 'वॉल्डन' लिहिणारा थोरो, तेव्हा एमर्सनच्या घरी राहत होता. जॉनच्या शुश्रूषेसाठी तो आपल्या घरी गेला होता. त्याला स्वतःला कुठेही जखम नव्हती, तरी थोड्याच दिवसांत त्याच्या अंगात तीच लक्षणं दिसू लागली. तो त्यातून वाचला. तेवढ्यात एमर्सनच्या पाच वर्षांच्या मुलाला, वॉल्डोला, स्कार्लेट फीव्हरने गाठलं. २७ तारखेला तो गेला. तो आजारी आहे एवढंच माहीत असलेली, गावातलीच नऊ वर्षांची लुइसा अल्कॉट, पुढे 'लिटल विमेन' लिहिणारी, त्याची चौकशी करायला दाराशी आली. जागरणांनी आणि दुःखाने ओळखू न येण्याइतका बदललेला एमर्सन तिला एवढंच म्हणाला, "बाळ, तो गेला." त्याचा तो चेहरा ती मोठेपणीही विसरली नाही. त्याच थंडीत तो व्याख्यानांसाठी प्रॉव्हिडन्सला गेला आणि मार्चमध्ये न्यूयॉर्कला. घर चालायला तो पैसा लागत होता.

वॉल्डोचा जन्म १८३६च्या शरद ऋतूतला. 'नेचर' हे पुस्तकही त्याच वर्षीचं, त्याच ऋतूतलं. डोळे शाबूत असले तर निसर्ग भरून काढू शकणार नाही असं कुठलंच संकट माझ्यावर येणार नाही, असं त्यात तो लिहून बसला होता. आठ वर्षांनी त्याच माणसाने 'एक्स्पीरियन्स'मध्ये लिहिलं की दुःख मला काहीच शिकवू शकत नाही, याचंच मला दुःख आहे. अमेरिकन रोमँटिक चळवळीत स्वतःच्याच वचनाला इतक्या उघडपणे छेद देणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही. याला तुम्ही कोरडेपणा म्हणता?

पूर्वी मी त्याचं वकीलपत्र घ्यायचे. वॉल्डोवरची 'थ्रेनडी' ही विलापिका वाचा म्हणायचे, त्या कवितेत बाप ढसढसा रडतो. पहिली बायको एलन गेल्यावर वर्षभराने त्याने तिची शवपेटी उघडली आणि १८५७ मध्ये वॉल्डोचीही, हे सांगायचे. निबंधातला थंडपणा म्हणजे मुखवटा, असं माझं तेव्हाचं म्हणणं.

आता तसं म्हणवत नाही. माझा भाऊ गेला तेव्हा मी फोन केले, दाखल्यासाठी महापालिकेत रांग लावली, दहाव्याच्या स्वयंपाकाचं बघितलं. रडू आलं नाही. माजघरात आत्या कुणाला तरी म्हणाली, "हिला काही वाटतच नाही." मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तो मुखवटा नव्हता. मी भावाला शोधत होते आणि तो कुठेच हाताला लागत नव्हता. एमर्सन तेच म्हणतो: ते दुःख मला जवळ आणता येत नाही. मला तो तिथे भेटला. अमुक लेखक महान की नाही, हा वाद तुमचा तुम्ही घाला.

एक गोष्ट मात्र मला सोडवता आलेली नाही. त्याच घरात लिडियन होती, वॉल्डोची आई. मुलगा गेला तेव्हा तिच्या कुशीत दोन महिन्यांची ईडिथ होती. 'त्यापलीकडे काही नाही' हे छापून आलं तेव्हा ते वाक्य तिच्याही मुलाविषयी होतं. ते लिहायचा त्याला हक्क होता, असं मी म्हणते. तिला विचारायला हवं होतं, असंही म्हणते. दोन्ही एकाच दिवशी म्हणते.