अण्णांचे सिमेंट आणि माझा चुना

३ मे

शाळेला सुट्टी लागली आणि दोन वर्षे पुढे ढकललेले काम आज एकदाचे हाती घेतले. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतले आमचे घर आजोबांच्या आधीचे आहे. काळ्या दगडाच्या, चिखलात बांधलेल्या दोन-दोन फूट रुंद भिंती, त्यांवर सागवानी तुळया, त्यांवर कडीपाट आणि सर्वांत वर मातीचे धाबे. स्वयंपाकघर अगदी आतल्या खणात आहे, त्यामुळे तिथे उजेड येतो तो धाब्यातल्या साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, आणि मोरीवरच्या हातभर खिडकीतून.

निमित्त झाले ते जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. आई भाकरी थापताना पाटावरून घसरली. पाटावर बसली असताना नव्हे, पाटावर उभी असताना. आमचा कट्टा ३४ इंच उंच आहे आणि आई चार फूट दहा इंच. १९८७ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चुलीची जागा मोडून हा कट्टा स्वतः बांधला. ते रेल्वेत फिटर होते, माप घेतल्याशिवाय कामाला हात घालत नसत. पण ते माप त्यांनी स्वतःच्या कोपराशी धरून घेतले होते, आणि स्वयंपाक अण्णांनी आयुष्यात कधी केला नाही. आई तेव्हापासून पाट घेऊन उभी राहते. मी आज तिला विचारले, की तू त्या वेळी सांगितले कसे नाहीस? "सांगितलं होतं की. पाट घे म्हणाले," एवढेच ती म्हणाली आणि शेंगा निवडत राहिली.

शेगडी, चार डबे आणि पिठाचा पिंप सोप्यात आणून मांडले. महिनाभर आमचे स्वयंपाकघर रस्त्यावरून दिसणार.

५ मे

पहाटे पाचला सुरुवात आणि साडेनऊला बंद, असा नियम केला आहे. त्यानंतर सोलापूरच्या मे महिन्यात घमेले उचलणे हा शहाणपणा नव्हे.

कट्टा फोडण्याआधी भिंत तपासावी म्हणून रुपयाचे नाणे घेऊन गिलाव्यावर टकटक करत फिरले. कमरेच्या वरपर्यंत जवळजवळ सगळीकडे पोकळ आवाज. मोरीच्या बाजूला रंगाचे पोपडे, त्यांच्या आत पांढरा भुरभुरीत लोणा. छिन्नीचा पहिला घाव बसताच परातीएवढा तुकडा सुटून पायाशी पडला आणि मागची भिंत दिसली. दगडांच्या सांध्यांतली माती ओली होती. मे महिन्यात, जिथे अंगणातली तुळस सकाळ-संध्याकाळ पाणी मागते, तिथे भिंतीच्या पोटातली माती बोटाने दाबली तर ठसा उमटत होता.

दादाचा पुण्याहून फोन आला. त्याचे म्हणणे असे, की हा उपद्व्याप सोडून दे, तयार कपाटांचे मॉड्युलर किचन पंधरा दिवसांत बसवून मिळते. ते खरे आहे. पण ओल्या मातीच्या भिंतीला टेकवून प्लायवूडच्या पेट्या उभ्या करणे म्हणजे वाळवीला जेवणाचे आमंत्रण देणे, आणि पेट्यांच्या मागे काय चालले आहे ते पाच वर्षांनी, फळी हाताशी आल्यावरच कळणार. तो हसला. मी छिन्नी चालवत राहिले.

८ मे

पलीकडच्या बोळात एक वृद्ध गवंडी राहतात. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी आणि गिऱ्हाइकाशी वेळ पडली तर कानडी, असे ते अस्सल सोलापुरी गृहस्थ आहेत. हल्ली ते कामावर जात नाहीत, पण भिंत पाहायला आले, तळवा टेकवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "भिंतीला रेनकोट घातलाय की तुमच्या वडिलांनी."

त्यांनी सांगितले ते मी माझ्या भाषेत लिहून ठेवते. अशा जुन्या भिंतीच्या पायाखाली ओल अडवणारा थर नसतो. कापडाचे टोक पाण्यात बुडवले, की पाणी जसे वर चढते तशी जमिनीतली ओल मातीच्या सांध्यांतून वर चढते. जुना गिलावा मातीचा किंवा चुन्याचा असे, त्याच्या बारीक छिद्रांतून ती ओल हवेत उडून जाई आणि भिंत हातभर उंचीपर्यंतच किंचित दमट राही. त्यावर सिमेंटचा घट्ट थर चढला, की ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते, ती आणखी वर चढते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार सिमेंटच्या मागे साचून, स्फटिक होऊन, तो थरच भिंतीपासून सुटा करतात.

अर्थात सगळा दोष सिमेंटच्या माथी मारणे योग्य होणार नाही. गिलावा काढताना अण्णांनी भिंतीत पुरलेला लोखंडी नळही उघडा पडला. त्याच्या एका कोपऱ्यावरचा सांधा गंजून पाझरत होता आणि आतले भोक क्षारांनी इतके भरले होते, की करंगळी राहो, पेन्सिलही आत जाईना. तो सांधा किती वर्षे ठिबकत होता कुणास ठाऊक. नळाला पाणी रोज नसते म्हणून आमच्या लक्षात आले नसावे.

१९८७ साली सिमेंटचा गिलावा म्हणजे घर सुधारले असे सगळी गल्ली मानत होती. मीही त्या वेळी, दुसरीत असताना, त्या गुळगुळीत राखाडी भिंतीला गाल लावून उभी राहिल्याचे मला आठवते.

९ मे

कळीचा चुना आणला. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडायचे. उलट करायचे नाही, म्हणजे खड्यांवर पाणी ओतायचे नाही, कारण ते उसळून अंगावर येते. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे. खडे पडताच पिंपातले पाणी खदखदू लागले आणि पिंपाला हात लावता येईना. आईने लांबूनच पाहिले. आता हा चुना वर पाणी ठेवून किमान दोन आठवडे मुरवायचा.

१४ मे

दोन गोष्टी स्वतः करायच्या नाहीत असे ठरले, ते इथे नोंदवते. विजेचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. जुनी वायर लाकडी पट्टीतून गेलेली होती आणि अर्थिंग नव्हतेच. मिक्सर आणि फ्रिजसाठी स्वतंत्र तारा ओढल्या, ३० मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच बसवला. गॅसची जोडणीही एजन्सीचा माणूसच करील.

तिसरी गोष्ट मी करणार होते आणि केली नाही. मोरीवरची खिडकी हातभर आहे, ती दोन हात करावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते. गवंडीकाकांनी वर बोट दाखवले. खिडकीच्या बरोबर डोक्यावर एका तुळईचे टोक भिंतीत शिरलेले आहे आणि त्या तुळईवर मातीचे सगळे धाबे बसले आहे. खिडकी तशीच राहिली. त्याऐवजी साण्यावरचा गंजका पत्रा काढून जाड काच बसवली आणि काचेखाली चारही बाजूंनी जाळी ठेवली, म्हणजे वाफ बाहेर जाईल आणि मांजर आत येणार नाही. काच बसल्यावर दुपारी बारा वाजता कट्ट्याच्या जागी उन्हाचा पाटाएवढा चौकोन पडला. इतकी वर्षे आपण दिवसाढवळ्या बल्ब लावून भाजी चिरत होतो, याची मला जरा लाज वाटली.

१८ मे

मोरीचा सांडपाण्याचा नळ बदलला. अण्णांनी त्याला उतार जवळजवळ दिलाच नव्हता, म्हणून दर पावसाळ्यात पाणी तुंबत असे. ४० इंचांना १ इंच या हिशेबाने आठ फुटांना सुमारे अडीच इंचांचा उतार लागतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवली, तिथून माप घेतले. मी वर्गात गुणोत्तर शिकवते, पण गुणोत्तर चुकले, की पायात पाणी येते हे मुलांना दाखवायची सोय वर्गात नसते.

जमिनीवरचे सिमेंट काढताना खाली शहाबादी फरशी निघाली आणि तिच्या मधोमध सिमेंटने बुजवलेले दगडी उखळ. मला कोण आनंद झाला! हे साफ करू, यात शेंगांची चटणी कुटू, वर काचेचे झाकण करू, असे मी बोलतच सुटले. आई दारात उभी राहून ऐकत होती. "ते बुजवायला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "अंधारात बोटं ठेचायची. आणि कुटायला तू येणार होतीस होय गं?"

उखळ पुन्हा बुजवले. या वेळी चुन्याने.

२७ मे

गेले पाच दिवस गिलावा चालला आहे आणि लिहिण्याइतके बोटांत बळ नव्हते.

चुन्याचे काम पाण्यावर चालते, आणि आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो. त्यामुळे कामाचे वेळापत्रक मी केले नाही, नळाने केले. पाणी येईल त्या पहाटे दोन्ही पिंपे, हंडे, कळशा, इतकेच काय शाळेच्या सहलीचा पाण्याचा जारही भरून ठेवायचा, आणि पुढचे चार दिवस त्यातूनच पिणे, धुणे आणि भिंत यांची वाटणी करायची. भिंतीचा वाटा सर्वांत मोठा होता. गिलाव्याआधी सांध्यांतली सैल माती ब्रशने झाडून भिंत भिजवावी लागते, नाही तर कोरडा दगड आणि माती चुन्यातले पाणी शोषून घेतात आणि थर भाजल्यासारखा तडकतो.

प्रमाण एक वाटा मुरलेला चुना आणि तीन वाटे चाळलेली वाळू. त्यात तागाचे बोटभर तुकडे, आणि गवंडीकाकांच्या आग्रहाखातर हिरडा व गूळ भिजवलेले पाणी. मोरीच्या बाजूला थोडी वाळू कमी करून भाजक्या विटांची भुकटी मिसळली, कारण नुसता चुना घट्ट व्हायला हवा लागते, विटांच्या भुकटीबरोबर मात्र तो ओल्या जागीही धरतो. पहिला थर अर्ध्या इंचाचा, तो खरखरीतच ठेवला; दुसरा त्याच्या निम्म्या जाडीचा.

पहिल्या दिवशी माझा अर्धा माल जमिनीवर पडला. थापीने माल भिंतीवर ठेवायचा नसतो, मनगटाच्या झटक्याने मारायचा असतो, हे कळायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सहा फूट रुंदीचा पट्टा एका दमात झाला आणि मी तो ओळंबा लावून पाहिला. वरच्या टोकाला बोटभर पुढे आला होता. काढला नाही. ज्या भिंतीचे दगडच सरळ रेषेत नाहीत तिच्यावर भूमितीचा हट्ट धरणे मला त्या उन्हात परवडणारे नव्हते.

खरा त्रास वाळण्याचा आहे. चुन्याला सावकाश वाळावे लागते आणि सोलापूरच्या मे महिन्यात सावकाश काहीच वाळत नाही. ओल्या गोणपाटांचे पडदे तुळईला बांधून भिंतीपुढे सोडले आहेत आणि दिवसातून चार वेळा ते शिंपडते. दुपारी आई आपणहून शिंपडते. घरात सध्या सर्वांत गार जागा तीच आहे, असे तिचे म्हणणे आहे, आणि दुपारची झोप तिने तिथेच हलवली आहे.

२ जून

कडप्पा आला. कट्ट्याच्या उंचीवर आमच्या घरात चार रात्री चर्चा झाली.

उभे राहून काम करताना कट्टा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, म्हणजे खांदे वर उचलावे लागत नाहीत. आईचे कोपर जमिनीपासून ३६ इंचांवर, माझे ४० वर. शिवाय शेगडीची स्वतःची चार-साडेचार इंच उंची असते, हे बहुतेक लोक हिशेबात धरत नाहीत, आणि मग कढईत डोकावताना टाचा उचलतात. शेवटी कट्टा दोन पातळ्यांचा केला. शेगडी आणि भाकरीची परात २८ इंचांवर, सिंक आणि चिरण्याची जागा ३३ वर. २८ इंचांच्या भागाखाली सिलिंडर रेग्युलेटरसकट मोकळा बसेना, म्हणून तो उंच भागाखाली आला. त्याच्यापुढे दार लावलेले नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीवर साचतो, तेव्हा तळाशी हवा खेळती हवी.

खाली पेट्या नाहीत. उभे कडप्पे, आडव्या फळ्या, आणि भिंतीपासून एक इंच सोडलेली फट, म्हणजे मागची भिंत दिसत राहील. टाइल्स फक्त सिंक आणि शेगडीच्या मागे, दीड फूट उंचीच्या. बाकी भिंत उघडी, चुन्याची. मला काळ्या ग्रॅनाइटचा मोह झाला होता, कारण कडप्पा शहाबादीसारखाच चुनखडीचा दगड आहे आणि लिंबू-चिंचेने डागाळतो. पण साण्यातून पडणाऱ्या उजेडात तो मऊ काळा दिसतो, आणि चिंचेचे भांडे ताटलीत ठेवण्याची सवय या घराला आधीपासून आहे.

११ जून

परवा शाळा सुरू होणार. गॅसची जोडणी काल झाली.

आज सकाळी आईने नव्या कट्ट्यावर पहिली भाकरी थापली. पाट न घेता. परातीत पीठ मळून झाल्यावर तिने दोन्ही तळवे कट्ट्यावर ठेवले, जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, "शेगडी डावीकडं पाहिजे होती." मी तिला चार रात्री उंची विचारली होती; बाजू विचारली नव्हती. अण्णांच्या कट्ट्यावर शेगडी डावीकडेच होती. गॅसची नळी पुरेशी लांब आहे, तेव्हा दुपारी शेगडी आणि परातीची जागा अदलाबदल केली. टाइल्स मात्र आता चुकीच्या जागी आहेत, त्यामुळे फोडणीचे शिंतोडे चुन्याच्या भिंतीवर उडणार. तिथे तात्पुरता स्टीलचा पत्रा उभा केला आहे.

मोरीच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत नाणे अजून पोकळ वाजते. ओलावा जमिनीपासून दीड फुटापर्यंत दिसतो. तो कमरेपासून खाली उतरला की नुसता झाकला गेला, हे पावसाळ्यात समजेल. त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली आणि दर महिन्याला पाहायचे ठरवले.

संध्याकाळी पाहते तर आईने नेमक्या त्या रेघेपुढे शेंगांचा डबा आणून ठेवला आहे. तिथे गार राहतात म्हणे.