उभे पत्ते, आडवे पत्ते

रविवारचा मेगाब्लॉक, त्यात पाऊस. भाच्याचा चौथा भिडू कुर्ल्यालाच अडकला. "आत्या, तू बस ना!" परळच्या चाळीत, गॅलरीत सतरंजी टाकून अख्खे मे महिने मेंढीकोट कुटलेली मी. बसले.

खेळ 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने काढलेला, 1993 साली बाजारात आलेला. त्यातला 'कमांडर' हा प्रकार बहुधा चौघांत रंगतो. प्रत्येकाचे 100 पत्ते (त्यांना डेक म्हणतात), साध्या लँड सोडल्या तर एकही दुबार नाही, आणि सुरुवातीला 40 लाईफ, म्हणजे जीव. लँड आडवी केली की मॅना मिळतो, म्हणजे खर्चायला पैसे. हल्ल्याला पाठवलेला प्राण्याचा पत्ताही सहसा आडवा होतो आणि आपली पुढची पाळी येईपर्यंत तसाच लोळत पडतो.

मेंढीकोटात समोरचा आपला, शेजारचे दोघे शत्रू. इथे आपलं कुणीच नाही. शिवाय एकाचा काटा काढायला मी पत्ता घालवायचा आणि फायदा उरलेल्या दोघांना फुकटात. आमच्या सोसायटीत पाण्यावरून भांडणाऱ्याचं तेच होतं. वाईट तो एकटा होतो, पाणी सगळ्यांना येतं.

हिरव्या डेकवाल्या पोराने 12 प्राणी मांडले. माझ्या हातात 'रॅथ ऑफ गॉड' होता: चार मॅना, टेबलावरचे झाडून सगळे प्राणी खलास. पण हा पत्ता आपल्याच पाळीत टाकावा लागतो, हल्ला अंगावर आल्यावर नाही. तिसऱ्या फेरीपासून मी तो बंद हुकमासारखा दाबून बसले होते. पोरगा म्हणाला, "आत्या, मी तुमच्यावर येणार नाही." राजकारण म्हणतात याला ही मुलं. मी विश्वास ठेवला नाही, रॅथ टाकला.

"काउंटर," निळ्या डेकवाली मुलगी भजी खाता खाता म्हणाली. म्हणजे माझा रॅथ लागू व्हायच्या आधीच रद्द. तोवर ती जवळपास बोललीच नव्हती. तिच्यासमोर दोन निळ्या लँड्स उभ्या होत्या, बराच वेळ. मला दिसल्या होत्या. वाटलं, पोरीकडे खेळायला काही नसेल.

मग हिरव्याने बाराच्या बारा प्राणी सोडले, अर्धे भाच्यावर, अर्धे माझ्यावर. दोघंही गेलो. वचनाचं विचारलं तर म्हणे, "तुम्ही रॅथ टाकलात ना!" (मुद्दा बरोबर होता, म्हणूनच राग आला.) पण आता त्याचे सगळे पत्ते आडवे, अडवायला एकही उभा नाही, लाईफ 11. पुढची पाळी तिची. हात रुमालाला पुसून तिने आपले तीन प्राणी पुढे सरकवले.

"आत्या, चटणी आहे का अजून?"

चटणी वाढताना पाहिलं, तर तिच्या दोन लँड्स पुन्हा उभ्याच होत्या.