तुम्ही विचारलेत म्हणून: फिक्या जेवणातली गोडी

हाँगकाँगला राहायला आल्यापासून आप्तमंडळी मला एकच प्रश्न विचारत आली आहेत: तिखट नाही, मसाला नाही, मग त्या कँटनीज, म्हणजे दक्षिण चीनकडच्या, जेवणात तुम्हाला एवढी गोडी कसली वाटते? माझे उत्तर असे, की तिथला माणूस चवीइतकाच घासाचा दातांना आणि जिभेला होणारा स्पर्श जोखतो, आणि त्या स्पर्शाचे शब्द शिकेपर्यंत मलाही ती गोडी कळली नव्हती.

मंद आचेवर पाण्यात शिजवलेली पांढरी कोंबडी घ्या. शिजताच तिला बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे तिची कातडी आवळून येते. तिचे कौतुक चार अक्षरांत होते: 'फेय सॉङ्, युक वात', म्हणजे कातडी 'सॉङ्' आणि मांस 'वात'. 'वात' म्हणजे जिभेवरून अलगद सरकणारे. 'सॉङ्'ला मात्र मला मराठीत एक शब्द अजून सापडलेला नाही. कोवळ्या काकडीचा चावा आठवला, तर त्यातला रसरशीत करकरीतपणा बराचसा तोच आहे. मन प्रसन्न झाले, हे सांगायलाही हाच शब्द वापरतात.

माशाचे गोळे आणि वाँटनबरोबरचे (वाँटन म्हणजे सारण भरलेल्या पातळ पिठाच्या पुरचुंड्या) नूडल्स 'तान-ङा' हवेत, म्हणजे दातांवर उसळी घेणारे. त्या उसळीसाठी माशाचा खिमा मीठ घालून मळतात आणि भांड्यात पुन्हापुन्हा आपटतात, तेव्हा त्यातली प्रथिने एकमेकांना धरून ठेवतात. नूडल्सच्या पिठात बदकाची अंडी आणि क्षाराचे पाणी घालतात, आणि ते थोडा वेळच उकळून गार पाण्यातून काढतात. या कृतीला 'थंड नदी ओलांडणे' असे सुंदर नाव आहे.

आपल्या खुसखुशीत, लुसलुशीत यांच्यासारखे नादावर चालणारे शब्दही तिथे भरपूर आहेत. भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी 'छोई-पॉक-पॉक', शिजून मऊ पडलेले ते 'यून-नम-नम', बुळबुळीत ते 'वात-सान-सान'. यातला 'सान' म्हणजे बुळबुळीत चिकटा, आणि म्हणूनच आपल्या मायाळूच्या भाजीला तिथे 'सान-छॉय' म्हणतात, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला.

आपण 'चिवट' म्हणतो ती तक्रार असते. चिकट तांदळाच्या पिठाची मिठाई दातांखाली ताणली जाते, सहज तुटत नाही, तेव्हा कँटनीज माणूस तिला कौतुकाने 'यिन-ङन' म्हणतो, आणि एकमेकांना बिलगून बसलेल्या प्रेमिकांनाही हाच शब्द लावतो.