पायांकडून येणारी खबर

बेसिनपाशी तोंड धुताना आईने डोळे मिटले की तिचा डावा हात लगेच बेसिनची कड शोधू लागतो, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा ती ८१ वर्षांची होती. त्याआधी वर्षभर ती उंबरठ्याला ठेचकाळत असे आणि आम्ही सगळे तिला "बघून चालत जा" असे बजावत असू. ती बघूनच चालत होती; न बघता चालणे तिला जमेनासे झाले होते.

पाय कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, हे न पाहता कळण्याच्या जाणिवेला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिले. स्नायू किती ताणला गेला हे टिपणारे मसल स्पिंडल, सांध्यांतील आणि तळपायाच्या त्वचेतील संवेदक ही खबर मेंदूला सतत पुरवत असतात. वयानुसार त्यांची तीक्ष्णता कमी होते, मज्जातंतूंतून संदेश सावकाश जातात, कानातील तोल सांभाळणारी यंत्रणाही मंदावते आणि मग मेंदू डोळ्यांवर अधिकाधिक विसंबू लागतो. पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला लावणारी रोम्बर्ग चाचणी याच जाणिवेची परीक्षा घेते.

उंबरठ्याचा उलगडाही मला त्यातूनच झाला. चालताना पुढे येणारे पाऊल जमिनीपासून जेमतेम १ ते २ सेंटिमीटर वरून जाते, त्यामुळे अंदाज किंचित चुकला तरी अंगठा अडतो. अडखळतो तर आपण सगळेच; पण दुसरा पाय झटकन पुढे टाकून सावरण्यासाठी लागणारे जलद स्नायुतंतू उतारवयात अधिक झिजतात.

मात्र "वय झालं" म्हणून विषय संपवणे मला अन्यायाचे वाटते, कारण मधुमेहाने किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पायांची संवेदना बोथट होते आणि त्यावर उपचार असतात. आम्ही आईच्या तपासण्या करून घेतल्या, रात्री न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा ठेवला आणि मऊ, जाड सपाता काढून टाकून पातळ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल आणली. रोज सकाळी ती स्वयंपाकाच्या ओट्याला धरून आळीपाळीने एकेका पायावर उभी राहते आणि मी शेजारी असतो.

पूर्वी आपोआप पडणाऱ्या पावलांना आता तिला लक्ष पुरवावे लागते. म्हणून ती जिन्यावर असताना मी तिला हाक मारत नाही. शेवटची पायरी उतरून तिने कठडा सोडला की मगच बोलतो.