चांगदेवच्या संगमावर विजेची होडी: अँपिअर, वॉट आणि युनिटचा हिशेब

महाशिवरात्रीची यात्रा उरकली, घाट मोकळा झाला आणि मग आम्ही चौघं होडी घेऊन तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवला गेलो. भुसावळहून मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागलं की दीपनगरचं वीज केंद्र लागतं. तिथले दोन संच 500 मेगावॉटचे. मामा रावेरकडचे, केळीवाले. त्यांनी गाडीतच विचारलं, "तुझी बॅटरी किती मेगावॉटची?" प्रश्न साधा होता, पण या सहलीत पुढे जे घडलं ते सगळं त्या प्रश्नाशीच येऊन भिडलं.

आमची होडी फायबरची, 16 फुटी. मोटर 24 व्होल्टची, तिच्यावर 80 पौंड लिहिलेलं. बॅटरी लिथियम फॉस्फेटची, 25.6 व्होल्ट आणि 100 अँपिअर-अवर. दुकानदाराने "अडीच किलोवॉटची बॅटरी आहे, बिनधास्त जा" म्हणून दिलेली. या बोलण्यात मोठी चूक आहे आणि ती सर्रास ऐकू येते. 25.6 गुणिले 100 म्हणजे 2560 वॉट-अवर, म्हणजेच विजेच्या बिलावरचे अडीच युनिट. हा साठा झाला. किलोवॉट म्हणजे त्या साठ्यातून वीज उपसण्याचा वेग. साठ्याला "किलोवॉट पर अवर" म्हणतात तेही चूक. किलोवॉटला तासांनी गुणायचं असतं, भागायचं नसतं.

मामांना मी त्यांच्याच मळ्यातलं उदाहरण दिलं. विहिरीत पाणी किती, ते युनिट. पंप किती जोराने उपसतो, ते वॉट. त्यांचा 5 एचपीचा पंप म्हणजे 3730 वॉट, कारण 1 एचपी म्हणजे 746 वॉट. आमची होडी चार माणसं घेऊन तासाला 5 किलोमीटरने चालते ती 500 वॉटवर, पाऊण एचपीसुद्धा लागत नाही. मामांना हे पटेना. घाटावर मीटर दाखवला तेव्हा पटलं.

मीटरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्याच्याशिवाय पाण्यात जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. शंटवाला मीटर घ्या. शंट ही करंट मोजण्यासाठीची पितळी ठोकळ्यांची जाड पट्टी असते, ती बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर बसवायची. सगळा करंट तिच्यातून गेला पाहिजे. एखादी वायर, दिव्याची का असेना, थेट बॅटरीला जोडलेली राहिली तर तिचा खर्च मीटरला दिसत नाही. नुसता व्होल्ट दाखवणारा स्वस्त मीटर लिथियमला चालत नाही. या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. 80 टक्के आणि 40 टक्के यांतला फरक व्होल्टवरून ओळखताच येत नाही.

आणि ते 80 पौंड? तो नुसता रेटा आहे, साधारण 36 किलोचा. घाटाला दोर बांधून मी मोटरची वेगाची मूठ पूर्ण पिळून पाहिली: मीटरवर 1200 वॉटच्या वर, होडी जागेवर. पौंड वाचून होडी किती लांब जाईल हे कळत नाही.

लांब किती जाईल ते एकाच आकड्यावरून कळतं: एका किलोमीटरला किती वॉट-अवर. वॉटला जीपीएसच्या वेगाने भागायचं, झालं. सकाळी पाणी आरशासारखं होतं तेव्हा मी वहीत मांडलं. तासाला 4 किलोमीटरला 260 वॉट, म्हणजे किलोमीटरला 65. तासाला 5 ला 500 वॉट, किलोमीटरला 100. मूठ पूर्ण पिळली तर 6.5 च्या वेगाला 1250 वॉट, किलोमीटरला 192. म्हणजे 4 च्या तुलनेत वेग दीडपटीहून थोडा जास्त, पण त्याच अंतराला वीज जवळजवळ तिप्पट. होडीला लागणारे वॉट साधारण वेगाच्या घनाच्या हिशेबाने चढतात. मोटर कितीही चांगली घेतली तरी यातून सुटका नाही.

साडेसातला निघालो. हतनूरचं धरण खाली पश्चिमेला आहे, तिकडे जायचं नव्हतं. तापीतून वरच्या अंगाला गेलो. चांगदेवाच्या मंदिराचा काळा दगड उजेडात हळूहळू उजळत मागे पडला. मोटरचा आवाज इतका कमी की काठावरचे बगळे उडाले नाहीत. तासाभरात 5 किलोमीटर आणि 500 वॉट-अवर. मधे एकदा मूठ तीच असताना करंट 19 अँपिअरवरून 31 वर गेला आणि वेग साडेतीनवर आला. मोटर उचलली तर पंख्याला जलपर्णी आणि जाळ्याचा निळा नायलॉन दोरा आवळून बसला होता. मीटर नसता तर आम्ही तसेच रेटत राहिलो असतो आणि मोटर जळाली असती. दोरा कापायला सुरी जवळ ठेवा, पण कोळीबांधवांच्या जाळ्याची ओळ दिसली की वळसाच घाला. त्यांचं पोट त्यावर आहे.

काठावर कळण्याची भाकरी आणि भरीत झालं. गप्पांत अकरा वाजले आणि पश्चिमेचा वारा सुटला, नेमका परतीच्या तोंडावर. लाटा पाहून मी घाई केली, मूठ पूर्ण पिळली. जेमतेम एक किलोमीटर झाला असेल. मीटरवर 50, 51, 52 अँपिअर, आणि सगळं शांत. स्क्रीनवर 72 टक्के शिल्लक, मोटर बंद, होडी आडवी होऊन जाळ्यांकडे वाहू लागली.

मामांनी वल्हं हातात घेतलं आणि म्हणाले, "विहिरीत पानी हाये ना? मंग स्टार्टर पडला असंन तुझा!"

अगदी तेच झालं होतं. बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं संरक्षक सर्किट असतं. आमचं 50 अँपिअरचं होतं, म्हणजे सुमारे 1280 वॉटची मर्यादा, आणि हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं. साठा भरपूर, पण उपसा मर्यादेबाहेर. मूठ शून्यावर आणून मिनिटभर थांबलो, मेन स्विच बंद करून चालू केला, मोटर लागली. मग तासाला 4 नेच आलो. सकाळी त्याच वेगाला 260 वॉट लागत होते, आता वाऱ्याविरुद्ध 420.

तेव्हा बॅटरी घेताना दोन्ही आकडे विचारा: वॉट-अवर किती आणि बीएमएस सतत किती अँपिअर देतं. मोटरच्या कमाल करंटपेक्षा ते निदान सव्वापट हवं. वायरही जाड हवी. आमच्या वायरीत 50 अँपिअरला 1 व्होल्ट पडत होता, म्हणजे 50 वॉट नुसती उष्णता. वायर हाताला गरम लागली. करंट तिसऱ्या हिश्शावर आणला की हीच नासाडी नवव्या हिश्शावर येते. आणि बॅटरीचा तिसरा हिस्सा संपला की माघारी वळा, अर्ध्यापर्यंत थांबू नका.

जाण्याआधी जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात परवानगी विचारा. हतनूरच्या 41 दरवाजांच्या बाजूला होडी नेऊच नका. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, पोहता येणाऱ्याच्याही. दोन वल्ही हवीतच. दहाच्या आत परत फिरलात तर वारा सहसा गाठत नाही.

संध्याकाळी मामांच्या घरी चार्जर लावला. होडीत आम्ही 1135 वॉट-अवर वापरले होते. घरच्या मीटरवर 1.3 युनिट चढले, वरचं चार्जरच्या उष्णतेत आणि बॅटरीत गेलं. मामांनी चष्मा लावून दोन्ही आकडे माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि खाली त्यांच्या पंपाचे तासही मांडले.