तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बुशला एवढा वेळ का?

सोलापुरात चादरी आणि टॉवेलचे माग चालवणारे कारखानदार माझ्या लेथशी (धातू फिरवत कापायच्या यंत्राशी) येऊन एकच प्रश्न विचारतात: शाफ्ट, म्हणजे मागाचा दांडा, ज्यात फिरतो त्या १.५ मिलिमीटर जाडीच्या पितळी नळीला, म्हणजे बुशला, एवढा वेळ आणि एवढी मजुरी कशासाठी? एकदा सविस्तर सांगतो.

बुश आतून-बाहेरून मापात बसवणे कोणत्याही टर्नरला जमते. अवघड असते ते भिंतीची जाडी चहूबाजूंनी सारखी राखणे. आतले भोक मध्यापासून ०.०५ मिलिमीटर सरकले की एकीकडची भिंत तेवढी वाढते, समोरची तेवढी घटते आणि फरक ०.१० चा पडतो. ड्रिल तिरके पळाले तर भोक मापात आणणारा रीमरही त्याच वाटेने जातो, म्हणून बोअरिंग, म्हणजे एकाच टोकाच्या हत्याराने भोक आतून कापून सरळ करणे, टाळता येत नाही.

एका कारखान्याचा जॉबर (मागांची देखभाल पाहणारा मुकादम) असेच पातळ बुश परत घेऊन आला. "मिस्त्री, शाफ्ट तापतोय, तुमचे बुश गोल नाहीत," म्हणाला. मला राग आला. मायक्रोमीटर आतून आणि बाहेरून, कसाही फिरवून लावला तरी माप तेच येत होते आणि मी ते त्याला दाखवले. तो वाद घालत बसला नाही. त्याने शाफ्टच्या तुकड्याला निळा रंग अगदी पातळ चोळला, बुश त्यावर चढवून थोडा फिरवला आणि उतरवून माझ्या हातात दिला. आत निळे डाग तीनच ठिकाणी उमटले होते, सारख्या अंतरावर. चकाच्या (लेथवर काम पकडणाऱ्या भागाच्या) तीन जबड्यांनी नळी दाबलेली असताना भोक गोल कापले गेले होते. जबडे सुटताच दाबलेला भाग बाहेर आला आणि मधले तीन भाग शाफ्टला घासू लागले. मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोनच बिंदूंवर टेकतो, त्यामुळे असा तीन फुगवट्यांचा आकार त्याला गोलच भासतो. ठरलेल्या दरात काम चकातच होणार, हे मी त्याला सुनावले आणि ते आजही खरे आहे. पण तो तापलेला शाफ्टही खराच होता.

आता पातळ बुश मी चिरलेल्या रिंगमध्ये धरतो, म्हणजे दाब सगळीकडून सारखा येतो. भोक झाले की त्याचाच आधार धरून बुश मॅन्ड्रेलवर, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर, चढवतो आणि तो लेथच्या दोन टोकदार सेंटरांमध्ये धरून बाहेरची बाजू हलक्या कटाने उतरवतो. मग गोल टोकाच्या मायक्रोमीटरने भिंत चार ठिकाणी मोजतो, तीही काम निवल्यावर, कारण ४० मिलिमीटरचा पितळी बुश २० अंशांनी तापला की सुमारे ०.०१५ मिलिमीटर फुगतो. वेळ जातो तो इथे.

चांगला चक असल्यावर मॅन्ड्रेल हे चोचले आहेत, असे मी पूर्वी म्हणत असे. जाड भिंतीच्या बुशबाबत मी अजूनही तेच म्हणेन आणि तिथे जादा मजुरी घेत नाही.

शिवाय बुश ज्यात बसतो ते मागाचे ब्रॅकेट झिजून लांबट झाले असेल, तर दाबून बसवलेला पातळ बुश त्याचाच आकार घेतो आणि माझी मेहनत वाया जाते. बुश आधी बसवून ब्रॅकेटसकट लेथवर बोअर करावा, असे मी सुचवतो; तेवढा वेळ माग बंद ठेवायला कारखानदार राजी होत नाही आणि त्याचा हिशेब मला खोडता येत नाही.